विचाराला दलाल नको

‘ते तुझं परसेप्शन आहे.’

नोकरीच्या सहा वर्षांत हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. कामाची वाटणी नीट नव्हती म्हटलं, तर ते परसेप्शन. रात्री साडेदहानंतर रिकाम्या लेडीज डब्यात भीती वाटते म्हटलं, तर तेही परसेप्शन. बोरिवलीत आमच्या सोसायटीच्या पाण्याला वास येतो म्हटलं, तर सेक्रेटरी काकांचं उत्तर तेच, फक्त मराठीत: ‘मनाचे खेळ असतात गं.’

या वाक्याची खरी चलाखी अशी, की ते तुम्हाला खोटं पाडत नाही. ‘वास येत नाही’ असं काका म्हणालेच नाहीत. म्हणाले असते, तर आम्ही दोघं गच्चीवर गेलो असतो, टाकीचं झाकण उघडलं असतं आणि दहा मिनिटांत निकाल लागला असता. त्यांनी माझ्या विचाराचा विषयच बदलला. विचार पाण्याबद्दल होता, तो आता माझ्या डोक्याबद्दल झाला. माझ्या डोक्यात चढून झाकण कोण उघडणार?

ही सवय साधी उद्धट नाही. तिच्यामागे एक अख्खं तत्त्वज्ञान आहे, आणि ते चुकीचं आहे. ते तत्त्वज्ञान म्हणतं, की माणसाच्या विचाराचा विषय म्हणजे त्याच्या मनातलं चित्र. बाहेरची वस्तू त्या चित्राच्या पलीकडे कुठेतरी असते, असली तर. म्हणजे प्रत्येक विचार आणि त्याची वस्तू यांच्यामध्ये एक दलाल बसलेला. मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या कुणालाही ही व्यवस्था समजावून सांगायला नको. घर तुम्हाला हवंय, मालकाला द्यायचंय, पण बोलायचं मात्र दलालाशी.

मी इंजिनिअरिंग केलंय, तत्त्वज्ञान कॉलेजात शिकलेले नाही. पण या प्रश्नावर आपल्याकडे जे काम झालंय, ते आपल्या पिढीला कुणी सांगत नाही. रीलवर ‘इंडियन फिलॉसॉफी’ म्हणून जे मिळतं त्यात ध्यान, ऊर्जा, मॅनिफेस्टेशन आणि मोक्ष. त्यामुळे हे लिहितेय.

प्रश्न नीट मांडू. विचार नेहमी कशाचा तरी असतो. दगड कशाबद्दल नसतो, नुसता असतो. विचाराला मात्र विषय लागतो. युरोपात फ्रान्झ ब्रेंटानो यांनी 1874 मध्ये हेच मनाचं लक्षण म्हणून मांडलं आणि त्यावरून पुढची दीडशे वर्षं वाद चालू आहे. वाद खऱ्या विचारांवरून होत नाही. ‘बोरिवलीला फास्ट गाड्या थांबतात’ हा विचार कशाबद्दल आहे, यावर कुणी भांडत नाही. भांडण खोट्या विचारावरून होतं. जे नाहीच, त्याचा विचार करताना मी नक्की कशाचा विचार करत असते?

इथे तीन सोपी उत्तरं समोर येतात. पहिलं: मनातल्या चित्राचा. हा आपला परसेप्शनवाला. दुसरं: शून्याचा, कशाचाच नाही. पण मग ‘पूल पडला’ आणि ‘बांध फुटला’ हे दोन खोटे विचार वेगळे कसे? दोन्ही शून्याचे, तर दोन्ही एकच व्हायला हवेत. तिसरं उत्तर गॉटलोब फ्रेगे या जर्मन गणितज्ञाचं. तो म्हणाला, विचाराचा आशय माझ्या मनातही नसतो आणि जगातही नसतो. त्याचं एक तिसरंच क्षेत्र आहे. पायथागोरसचा सिद्धांत जसा कुणाच्याच मालकीचा नाही, तसे सगळे आशय तिथे आहेत, आणि आपण विचार करतो म्हणजे त्यांतला एखादा पकडतो.

बर्ट्रांड रसेलला सुरुवातीला हे पटेना. 1904 साली या दोघांत पत्रव्यवहार झाला, त्यात फ्रेगेचं म्हणणं असं, की माँ ब्लां हा बर्फाळ डोंगर काही माझ्या विचाराचा तुकडा होऊ शकत नाही. रसेलने उलट कळवलं, की बर्फासकट तो डोंगरच मी जे म्हणतो त्याचा भाग आहे. नाहीतर त्या डोंगराबद्दल आपल्याला काहीच कळत नाही असं होईल. मला रसेलचं हे उत्तर फार आवडतं. त्याने दलालाला बाहेर काढलं. पण मग खोट्या विचाराचं काय, हा प्रश्न त्याच्या गळ्यात पडला. 1912 च्या त्याच्या छोट्या पुस्तकात उदाहरण आहे ऑथेल्लोचं. डेस्डेमोनाचं कॅसिओवर प्रेम आहे, असं ऑथेल्लोला वाटतं. तसं काही नाही. पण डेस्डेमोना आहे, कॅसिओ आहे आणि जगात प्रेम नावाचं नातंही आहे. ऑथेल्लोचं मन या तिन्ही खऱ्या गोष्टींना चुकीच्या रीतीने बांधतं. हे उत्तर रसेलला पुढे टिकवता आलं नाही. त्याचाच विद्यार्थी विटगेनस्टाइन याने त्यावर झोड उठवली आणि रसेल मागे हटला.

आता पुण्याला येऊ.

1983 मध्ये पुण्यात एक विलक्षण बैठक झाली. दया कृष्ण हे तत्त्वज्ञ आणि आपले मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने पारंपरिक पद्धतीने शिकलेले न्यायशास्त्राचे पंडित आणि विद्यापीठांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक समोरासमोर बसले. विषय: रसेलची ‘प्रपोझिशन’ ही कल्पना, म्हणजे वाक्याने जे म्हटलं जातं ते. पंडितांना ती संस्कृतात समजावून द्यायची आणि विचारायचं, की तुमच्या शास्त्रात याला जागा आहे का? रेगे हे दादरच्या कीर्ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेले, ‘नवभारत’ मासिकाचे संपादक, आणि पुढे मराठी विश्वकोशाची जबाबदारी सांभाळणारे. या चर्चेचं पुस्तक ‘संवाद’ नावाने 1991 मध्ये निघालं.

त्या बैठकीत मला महत्त्वाची वाटते ती तिची बसायची पद्धत. पंडितांना ‘आपली प्राचीन परंपरा’ म्हणून शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं नव्हतं. एक जिवंत प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला होता आणि त्यांच्याकडून विरोध, दुरुस्ती, उत्तर अपेक्षित होतं. ‘आपल्या ऋषींनी सगळं आधीच शोधलं होतं’ म्हणणारे आणि ‘त्यात काही नव्हतंच’ म्हणणारे, हे दोघेही पंडिताला प्रश्न विचारत नाहीत. पहिले नमस्कार करतात, दुसरे हसतात. दोघांचीही मेहनत वाचते.

तर न्यायशास्त्राकडे या प्रश्नाचं काय उत्तर आहे? ते ज्या पुस्तकावरून शिकायला सुरुवात होते, तो अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ मुंबईलाही नवा नाही. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी टिपा आणि इंग्रजी भाषांतरासह सिद्ध केलेली त्याची आवृत्ती 1897 मध्ये बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये निघाली. पुस्तक इतकं लहान, की मूळ मजकूर बोरिवली ते चर्चगेट स्लो गाडीत वाचून होतो. समजायला वर्ष लागतं, ते वेगळं.

नैयायिक म्हणतो: ज्ञानाला स्वतःचं रूप नसतं. ते कुठलं ज्ञान आहे, हे त्याच्या विषयावरून ठरतं, आणि विषय बाहेर, जगात असतो. मध्ये चित्र नाही. ‘टेबलावर मोबाइल आहे’ या ज्ञानाचे तीन भाग पडतात. ज्याच्याबद्दल आहे ते विशेष्य, म्हणजे टेबल. त्यावर जे असल्याचं कळतं तो प्रकार, म्हणजे मोबाइल. आणि या दोघांना जोडणारं नातं, म्हणजे संसर्ग. तिन्ही जगातच आहेत. ज्याबद्दल कळलं, त्याच्यापाशी ते त्या नात्याने खरंच असेल तर ज्ञान खरं; नसेल तर खोटं.

आणि खोट्या ज्ञानाचा विषय? गोराईच्या किनाऱ्यावर शिंपला चमकतो आणि कुणाला वाटतं चांदीच आहे. नैयायिक विचारतो, यात नसलेलं असं काय आहे? शिंपला आहे. चांदीही आहे, इथे नाही, पण बाजारात आहे, आणि तू ती पूर्वी पाहिली आहेस म्हणून तर तुला ती इथे दिसली. नाही ती फक्त एक गोष्ट: या शिंपल्याचं चांदीपण. चूक वस्तूंत नाही, जोडणीत आहे. याला ते अन्यथाख्याती म्हणतात: वस्तू आहे एक आणि कळली दुसरीच म्हणून.

बाजारातल्या चांदीपर्यंत डोळा पोचतो कसा, असं विरोधकांनी नैयायिकांना शेकडो वर्षं छळलं. त्यांनी स्मरणाच्या मार्गाने जाणारा एक खास संबंध मानून उत्तर दिलं, ते मला ओढूनताणून आणलेलं वाटतं. पण मुख्य मुद्दा त्याने ढासळत नाही. खोट्या विचाराचे तुकडे जगातूनच आलेले असतात, आणि कुठून आले ते शोधता येतं.

हे शिंपले-चांदीचं उदाहरण वाचून ‘किती हा शब्दांचा कीस’ असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठी पुढचे दोन प्रसंग.

29 सप्टेंबर 2017, सकाळ, जोरदार पाऊस, एल्फिन्स्टन रोडचा अरुंद पादचारी पूल. चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्यानंतर बातम्यांत आलेली, वाचलेल्या प्रवाशांच्या सांगण्यातली हकीकत अशी, की कुणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि गर्दीने ‘पुल गिर गया’ ऐकलं. ही हकीकत सांगताना लोक मान हलवतात: बघा, अफवेने माणसं मारली, एका अक्षराने घात केला. म्हणजे पुन्हा तेच. विषय लोकांच्या डोक्यात ढकलला.

नैयायिकाच्या पद्धतीने बघू. ‘पूल पडला’ या विचारात पूल होता का? होता, त्याच्यावरच सगळे उभे होते. पडणं ही गोष्ट जगात होती का? होती, या शहरात बांधकामं पडतात हे प्रत्येक प्रवाशाने पाहिलेलं आहे. खोटी होती ती जोडणी. मग ती जोडणी इतकी सहज का झाली? पूल अरुंद होता, गाड्यांमागून गाड्या माणसं ओतत होत्या, पावसामुळे माणसं जिन्यावरच थांबली होती, रुंद पुलाची मागणी जुनी होती. यातलं काहीच कुणाच्या डोक्यात नव्हतं. शेवटी लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये तिथे नवा पूल झाला. सगळा दोष मनांचा असता, तर समुपदेशक बोलावले असते.

दुसरा प्रसंग. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे. त्या काळात देशभर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यांतला एक गाजलेला व्हिडिओ मुळात कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षिततेसाठी 2016 मध्ये केलेली जाहिरात. मोटरसायकलवरचा माणूस मूल उचलतो, आणि शेवटी परत आणून ठेवतो, सावध राहा अशी पाटी दाखवतो. फिरवणाऱ्यांनी शेवट कापला होता.

बाजारातली चांदी शिंपल्यावर येते ती अशी. दृश्य होतं, पण कराचीतलं. ते कापून, फोनमधून, सोलापूरच्या गोसाव्यांवर लावलं गेलं.

इथे न्यायशास्त्रातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते म्हणतात, विषय फक्त ज्ञानालाच असतो असं नाही. इच्छेला, द्वेषाला, प्रयत्नालाही असतो. पण ज्ञानाला विषय स्वतःचा असतो, आणि इच्छा-द्वेषांचा विषय ज्ञानाकडून उसना घेतलेला असतो. यासाठी त्यांचा शब्द आहे याचितमंडन, म्हणजे लग्नाला घालायला शेजारणीकडून मागून आणलेला दागिना. द्वेषाला स्वतःचे डोळे नसतात. ज्ञानाने बोट दाखवलं तिकडे तो जातो. ज्ञानाची जोडणी चुकली की द्वेष चुकीच्या माणसाच्या अंगावर जातो, आणि जाताना तितकाच तीव्र असतो.

म्हणून ‘लोकांच्या भावना भडकल्या’ हे वाक्य मला ढोंगी वाटतं. भावनेला विचारायचा प्रश्न आहे: तुझा दागिना कुणाकडून आणलास? घाटकोपर-मुलुंडमध्ये भाषेवरून, खाण्यावरून, आडनावावरून जी चिडचिड सोसायटीच्या ग्रुपवर रोज उकळते, तिलाही हाच प्रश्न. घर नाकारणारा एक माणूस असतो, एका इमारतीत, एका तारखेला. त्याच्याबद्दल ठोस तक्रार करता येते, करायलाच हवी. ‘ते लोक’ या विचाराचं विशेष्य मात्र विचारलं तर कुणालाच दाखवता येत नाही. तक्रारीला पत्ता असतो. चिडचिडीला नसतो, त्यामुळे ती कधी मिटतही नाही.

आता दलालाकडे परत. माझ्या धंद्यात हा दलाल पगारी नोकर आहे. त्याचं नाव डॅशबोर्ड.

मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे ग्राहकांचे रिफंड तीन दिवस अडकून पडले. फोन येत होते. सपोर्टवरची मुलं सांगत होती, ‘सर, आमच्या सिस्टीममध्ये प्रोसेस्ड दाखवतंय.’ आमच्या मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, डॅशबोर्ड हिरवा आहे, म्हणजे इश्यू बँकेकडे असणार. डॅशबोर्ड हिरवा का होता? कारण हेल्थ चेक सर्व्हरला एवढंच विचारत होता, की तू जिवंत आहेस का. सर्व्हर म्हणत होता, आहे. त्याच्यामागची रांग तुंबली होती, ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी रांगेचे आकडे काढून दाखवले. पहिलं उत्तर काय आलं असेल? ‘कस्टमरचं परसेप्शन मॅनेज करायला हवं.’

‘सिस्टीममध्ये दाखवतंय’ हे आपल्या काळाचं आर्षवाक्य आहे. रेशन दुकान, पीएफ, विमा, हॉस्पिटलचं बिल, कुठेही जा. समोर जिवंत माणूस पैसे मिळाले नाहीत म्हणतोय आणि पलीकडचा स्क्रीनकडे बघून बोलतोय. विचाराचा विषय पैसे नाहीत, पैशांची नोंद आहे. फ्रेगेच्या तिसऱ्या क्षेत्राला आपण सर्व्हर भाड्याने घेऊन दिलाय.

आणि हे फक्त रिफंडपुरतं राहत नाही. 14 मार्च 2019 ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्त्या सुचवून तो वापरायला योग्य ठरवलेला होता. ‘पूल ठीक आहे’ हा विचार अहवालात होता, फाइलमध्ये होता, सहीनिशी होता. पुलाशी त्याची जोडणी नव्हती. आठ महिने आधी, 3 जुलै 2018 ला, आमच्या अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग पावसात रुळांवर आला होताच. तो पूल 2022 च्या नोव्हेंबरात बंद झाला, पाडला गेला, नवा बांधला गेला. 26 फेब्रुवारी 2024 ला त्याची एक बाजू उघडली तेव्हा अख्ख्या मुंबईने पाहिलं, की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल, जो त्याला मिळायला हवा, तो दीड मीटर आणि त्याहूनही खाली राहिलाय. रेल्वेच्या नव्या नियमामुळे नवा पूल वर गेला होता, जुना होता तिथेच होता. एक पूल खरा, दुसरा पूल खरा, संसर्ग गायब. शेवटी बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलावा लागला आणि जुलैमध्ये दोन्ही जोडले गेले. मीम भरपूर आले, आम्ही हसलो. पण त्या मधल्या महिन्यांत पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी प्रत्येक रिक्षा एका नसलेल्या जोडणीचं भाडं भरत होती.

माझ्यावर घेता येतील असे दोन आक्षेप मला दिसतात.

पहिला फ्रेगेच्या बाजूने. विचाराचा विषय थेट वस्तूच असेल, तर एकाच वस्तूबद्दल दोन उलट विचार कसे होतात? जुलै 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोडचं नाव प्रभादेवी झालं. गावाहून आलेल्या मामाला एल्फिन्स्टनला उतरायचं ठाऊक आहे, आणि प्रभादेवी आलं तरी तो डब्यात बसून राहतो. स्टेशन एकच, विचार दोन. म्हणजे मध्ये काहीतरी आहेच ना? फ्रेगे म्हणेल, दोन वेगळे आशय. नैयायिक म्हणेल, विशेष्य एक, प्रकार दोन. ‘एल्फिन्स्टन नावाचं’ आणि ‘प्रभादेवी नावाचं’. पण ही दोन्ही नावं त्या स्टेशनचीच आहेत, त्याच्याच पाट्यांवर होती आणि आहेत. मामाला एक बाजू माहीत आहे, दुसरी नाही. वस्तूला अनेक बाजू असतात एवढं मान्य केलं तर तिसरं क्षेत्र बांधावं लागत नाही. ‘प्रत्येकाचा दृष्टिकोन वेगळा’ हे वाक्यही मग बरोबर ठरतं, पण दृष्टिकोन स्टेशनकडे बघण्याचे. स्टेशनऐवजी नव्हेत.

दुसरा आक्षेप अवघड आहे. जे अजून झालंच नाही त्याचं काय? आमच्या काकांची मुलुंडची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. ब्रोशरमध्ये सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून येऊरचे डोंगर. काका-काकू तीन वर्षं त्या फ्लॅटचा विचार करत भाड्याच्या घरात राहिले. सतरावा मजला म्हणजे तेव्हा हवा होती. मग त्यांच्या विचाराला विषय नव्हता, असं मी म्हणू का? काकूंनी देवघर कुठल्या भिंतीला हे ठरवलं होतं.

विषय होता. जमीन होती, करार होता, डोंगर होते, इमारती बांधल्या जातात हे सत्य होतं, आणि या सगळ्यांना जोडणारं एक वचन होतं. वचन ही जगातली गोष्ट आहे. ते मोडता येतं, त्यावर दावा लावता येतो. काकूंना ‘तुम्ही स्वप्न बघत होता’ म्हणणारा बिल्डर नेमका विषय बदलत असतो: करारावरून काकूंच्या मनावर. याच लढाईतला एक विजय आपल्या पिढीने पाहिलाय. पूर्वी घर ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्रफळावर विकलं जायचं. त्यात जिना, लॉबी, लिफ्ट, कशाकशाचा वाटा धरलेला असे आणि बिल्डरागणिक हिशेब वेगळा. शब्द एक, विषय कुणालाच दाखवता न येणारा. 2016 च्या रेरा कायद्याने विक्री कार्पेट एरियावर आणली. म्हणजे भिंतीच्या आतली, टेपने मोजता येणारी जागा. कायद्याने ग्राहकाच्या परसेप्शनला हात लावला नाही, शब्दाला वस्तूशी बांधलं. अन्नंभट्टाला हे कलम आवडलं असतं.

राहिलं एआय, कारण मी न लिहिलं तरी तुम्ही विचारणार. मशीन खोटा संदर्भ देतं तेव्हा त्याला ‘हॅलुसिनेशन’ म्हणतात. मला हा शब्द मंजूर नाही. भास व्हायला आधी काहीतरी दिसावं लागतं. ज्याला शिंपला चांदी वाटला, त्याच्यासमोर शिंपला होता. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले खटले कोर्टात सादर केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. त्या मशीनने कुठल्या खटल्याकडे पाहून चूक केली? कुठल्याच नाही. ते शब्दापुढे शब्द जोडत होतं, खरं लिहिताना आणि खोटं लिहिताना त्याच रीतीने. विषय वकिलांनी लावला, वाचताना. हे काम मी रोज वापरते आणि ते उपयोगी आहे. पण आजवरचा सगळ्यात गोडबोल्या दलाल तोच आहे, आणि ज्या पिढीला ‘सगळं परसेप्शनच असतं’ असं शिकवलंय, तिच्याकडे त्याला विचारायला प्रश्नच उरलेला नाही.

प्रश्न तीन आहेत, आणि ते फुकट आहेत. हे कशाबद्दल आहे? त्याच्याबद्दल काय म्हटलंय? आणि ते त्याच्यापाशी कुठल्या नात्याने आहे, दाखव. फॉरवर्डला विचारा, ऑडिट रिपोर्टला विचारा, हिरव्या डॅशबोर्डला विचारा, ‘ते लोक’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला विचारा. स्वतःच्या रागालाही विचारा, कारण त्याचा दागिना उसना आहे. आणि कुणी तुमच्या तक्रारीला परसेप्शन म्हणालं, तर वाद मनावर होऊ देऊ नका. त्याला शांतपणे विचारा: वास येतो की येत नाही, हो किंवा नाही सांगा, आणि माझ्यासोबत गच्चीवर चला.

जो येणार नाही, त्याला पाण्याबद्दल बोलायचंच नव्हतं.